रोवणीच्या गाण्यांची चोरी

ती फिर्याद अजून माझ्या मनातून गेलेली नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, एका दंगलीत डोक्याला टाकेही पडले. त्यातलं बरंचसं आता पुसट झालं आहे. पण धंतोलीतल्या एका घरातून गाण्यांची पेटी गेली होती, ते प्रकरण मात्र जेवताना, फिरताना, केव्हाही समोर येऊन उभं राहतं. नावं मी कोणाचीच लिहिणार नाही. काही माणसं आता नाहीत, आणि जी आहेत त्यांना आपलं नाव छापून आलेलं रुचणार नाही.

सत्तरच्या दशकाची अखेर होती. मी नागपुरात फौजदार होतो. हिवाळ्यातली सकाळ, हजेरी नुकतीच आटोपली होती. रात्रपाळीची माणसं घरी पळायच्या घाईत, ठाणे अंमलदार डायरी पुढ्यात ओढून बसलेले, आणि लॉकअपमधला एक दारुडा आपल्याला चहा मिळालाच पाहिजे म्हणून कायदा शिकवत होता. तेवढ्यात एक बाई आत आल्या. पन्नाशीच्या, साधं सुती पातळ, खांद्याला झोळी. एका कॉलेजात मराठी शिकवायच्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

"आवाज चोरीला गेलाय," त्या म्हणाल्या.

ठाणे अंमलदारांनी मान वर केली. "कोनाचा?"

"एका आजींचा. टेपवर भरलेला होता."

आमचे जमादार तोंडावर रुमाल धरून बाहेर गेले. मी बाईंना माझ्या खोलीत नेलं आणि नीट सांगायला सांगितलं.

कॉलेजला सुटी लागली की या बाई बॅटरीवर चालणारा टेपरेकॉर्डर घेऊन खेडोपाडी जात आणि म्हाताऱ्या बायकांची गाणी भरून आणत. त्यासाठी त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, पगार तर नव्हताच. नागपूरच्या पूर्वेला धानाचा मुलूख. तिथे रोवणीला बाया ओळीने चिखलात वाकून रोपं लावतात, एक जण गाणं म्हणते आणि बाकीच्या तिच्यामागे झील धरतात. अशा एका गावात त्यांना एक आजी सापडली होती. पहाटे बांधीत, म्हणजे भातखाचरात, उतरताना म्हणायचं गाणं वेगळं, ऊन चढल्यावरचं वेगळं, भाकरी सोडतानाचं, सांजेला घराकडे वळतानाचं वेगळं, असा सगळ्या दिवसाचा क्रम त्या एकटीला पाठ होता. गावात ट्रान्झिस्टर आला तशा सुना बांधीत सिनेमाची गाणी म्हणू लागल्या, आणि आजीच्या मागे झील धरणारं कोणी राहिलं नाही.

"गंमत म्हणजे त्यांना बसून एक ओळ आठवत नसे," बाई म्हणाल्या. "रोवणी करताना बाया मागे मागे सरकतात ना, तशा त्या घराच्या छपरीत वाकून मागे सरकायच्या. हातात रोप नाही, पायाखाली चिखल नाही, पण बोटं चाललेली. तसं केलं की गाणं येई. मागे भिंत लागली की गाणं बंद. मग त्यांना वळवायचं, आणि पुन्हा सुरू. मी माईक धरून समोरून तशीच वाकून चालायची. कंबर मोडून जायची माझी."

हे सांगताना त्या हसल्या, आणि हसता हसताच त्यांचे डोळे भरून आले. आजी उन्हाळ्यात वारल्या होत्या. ती गाणी आता त्या एका पेटीखेरीज जगात कुठेच नव्हती.

फिर्याद लिहून घेताना ठाणे अंमलदारांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "गेलेल्या मालाची किंमत?"

"त्याला किंमत नाही," बाई म्हणाल्या.

अंमलदारांनी लिहिलं, 'किंमत : निरंक'. बाईंनी ते वाचलं आणि खाली सही केली. मी ते खोडायला सांगितलं खरं, पण त्या जागी काय लिहावं हे मलाही सुचेना.

पंचनाम्याला आम्ही धंतोलीत गेलो. आज तिथे पाऊल टाकावं तिकडे दवाखाना आहे. तेव्हा शांत बंगले होते आणि दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नसे. बाईंच्या मागच्या खोलीत फळीवर रिळांच्या पेट्या ओळीने लावलेल्या. प्रत्येक पेटीवर त्या त्या गाणारीचा फोटो चिकटवलेला. चोरी भर दुपारी, बाई कॉलेजात असताना झाली होती. मागच्या दाराच्या जाळीतून हात घालून कडी काढली होती. टेबलावर मनगटी घड्याळ होतं, देवापुढे चांदीची निरांजनं होती, टेपरेकॉर्डर तर तिथेच होता. कशालाच हात लागलेला नव्हता. गेली होती ती आजींची पेटी, आणि तिच्या जागी फळीवर हळदकुंकू लावलेल्या तांदळाची लहानशी रास होती, वर एक सुपारी.

जमादार दोन पावलं मागे सरले. "साहेब, हे करनी हाय. म्या हात नाही लावत."

"अरे गा, तू पोलीस हायेस का कोन हायेस?" मी त्यांच्याच बोलीत चिडलो. पण पंचांपैकी एक गृहस्थही सही करायला कुरकुरू लागले, तेव्हा ते तांदूळ मीच कागदात बांधले.

मला करणीची भीती वाटली नाही, पण तांदूळ मात्र खटकले. चोर घेऊन जातो. काही ठेवून जाणारा माणूस स्वतःला चोर समजत नसतो, आणि असा माणूस शोधायला अवघड असतो, कारण तो लपत नाही, पळत नाही, दारू पिऊन फुशारकी मारत नाही.

मी बाईंना विचारलं, "आजींच्या घरचं कोणी इकडे आलं होतं?"

त्या एकदम तापल्या. "मुलगा आला होता, त्या गेल्यानंतर. त्याचं नाव काढू नका. साधा शेतकरी माणूस आहे. मी त्याला चहा दिला, आईची गाणी ऐकवली. ऐकवेना बिचाऱ्याला, उठून गेला."

सगळ्या नोकरीत मी हे पाहिलं. संशय कोणावर, असं विचारलं की फिर्यादी ज्यांच्यावर राग आहे त्यांची नावं भराभर सांगतो. ज्याला आपण मायेने चहा पाजला त्याचं नाव त्याच्या तोंडून निघत नाही. मुलाचं नाव मी मनात ठेवलं, आणि आधी बाजाराकडे वळलो. त्या काळी वापरलेल्या फितीला गिऱ्हाईक असे. जुना आवाज पुसून त्यावर सिनेमाची गाणी भरायची आणि लग्नाच्या मांडवात वाजवायची. जरीपटक्याच्या बाजारात कंगवे-आरसे विकणारा माझा एक खबऱ्या होता, त्याला कामाला लावलं. रेडिओ दुरुस्तीची सगळी दुकानं त्याने पालथी घातली.

"साहेब, असा माल बाजारात आलाच नाही," तो येऊन म्हणाला. "आला असता त मले वास लागला असता."

बाई रोज कॉलेजमधून परतताना ठाण्यात डोकावत. काही विचारत नसत. दारातून माझ्याकडे पाहत आणि मी मान हलवली की निघून जात. लोकांचा आरडाओरडा मला सोसतो, पण हे सोसत नसे.

मग सुगावा लागला तो कोर्टाच्या व्हरांड्यात. साक्षीला आलेला रामटेकचा एक जमादार बाकावर शेंगा फोडत आमच्या लोकांना हसवत होता. "आमच्या इथं अंबाळ्याच्या घाटावर का झालं मालूम? एक मानूस आला अन् भटजीले म्हने, मायचं विसर्जन करा लागते. भटजी म्हने, अस्थी कुठी हायेत? त ह्यानं थैलीतून टेपची चकरी काढली न बाप्पा!"

सगळे हसले. मी साक्ष होताच जीप रामटेककडे काढली.

अंबाळा तलावाच्या घाटावर ते गुरुजी भेटले. बिचारे अजून संकोचलेले होते. "मी नाही म्हटलं त्याला. मंत्र अस्थींना आहेत, फितीला कुठला मंत्र म्हणू? पण साहेब, तो वेडा नव्हता. उन्हाळ्यात आईच्या अस्थी घेऊन आला होता, तेव्हा सगळं रीतसर केलं होतं त्याने." गाव कोणतं, तेही गुरुजींनी सांगितलं. ते आजींचंच गाव होतं.

आम्ही गेलो तेव्हा तो अंगणात तुरीच्या काड्यांचा झाडू बांधत होता. चाळिशीचा, काटक. आम्हाला पाहून त्याने हातातलं काम बाजूला ठेवलं, टोपी घातली आणि बायकोला म्हणाला, "आलो वं." काही विचारलं नाही.

ठाण्यात त्याला खुर्ची दिली तर तो भिंतीला टेकून खालीच बसला. मीही खुर्ची सोडून बाकावर बसलो. मारझोड करून माणूस बोलता होतो हे खरं, पण तो आपल्याला हवं ते बोलतो, घडलं ते नाही. मी चहा मागवला.

"चोरी काहून केली गा?"

"चोरी नाही केली जी. मायले घरी आनलं."

"दुसऱ्याच्या घरातून पेटी उचलली ती चोरी नाही?"

"आवतन देऊन आनलं. तांदूळ ठेवले न तिथं, सुपारी ठेवली. चोर ठेवते का?"

"मग पेटी कुठे आहे?"

यावर तो गप्प. किती वेळा विचारलं तरी गप्प. कुठे आहे हे सोडून बाकी सगळं सांगायला तो तयार होता, म्हणून मी बाकीचंच विचारलं. मायला घरी आणायची गरज काय पडली?

"कावळा नाही शिवला जी," तो म्हणाला. आणि मग तो थांबला नाही.

"दहाव्याले नदीवर पिंड ठेवला. झाडावर कावळे बसून होते, खाली एक नाही उतरला. बहीन म्हने, माय, नातीचं लगन करून देऊ. नाही आला. काका म्हने, वहिनी, वावर इकनार नाही आमी. नाही आला. ज्याले जे सुचलं ते म्हनलं. ऊन डोक्यावर आलं. आखरीले दर्भाचा कावळा करून शिववला. तेरवीच्या पंगतीत एक म्हातारा म्हने, तुह्या मायचा गळा त नागपूरले मशीनीत हाय. अर्धी तिथं, अर्धी इथं. कावळा शिवन कसा?"

"मग?"

"मंग बाईकडे आलो, इचाराले. बाईनं चहा देल्ला. मशीन लावली. साहेब, माही माय मेली होती. म्या अग्नी देल्ला होता. अन् थे मशीनीतून गाऊन राहिली. मधात दम टाके, तोबी ऐकू ये. म्या उठलो. त बाई म्हने, रडू नका, तुमची आई आता अमर झाली." तो माझ्याकडे पाहू लागला. "अमर म्हनजे का जी? जिले मरताबी येत नाही थे न?"

दाराशी हालचाल झाली. बाई येऊन उभ्या होत्या. संशयित आणला हे त्यांना कळलं होतं, आणि त्यांनी शेवटचं वाक्य ऐकलं होतं.

"मी तसं म्हटलं होतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मला वाटलं, त्याला धीर येईल."

तो शब्द आपण हारतुऱ्यांत, शोकसभेत सहज वापरतो. त्या दुपारी ठाण्याच्या खोलीत मात्र तो निराळाच ऐकू आला. बाईंनी एका लेकाला आयुष्यभराचं समाधान द्यायला तो उच्चारला होता, आणि त्याने तो शिक्षेसारखा ऐकला होता.

मला वाटलं, बाई आता पेटीचं विचारतील. तेवढ्याचसाठी तर त्या रोज दारात येऊन उभ्या राहत. पण त्या त्याच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, मग आता शिवला का कावळा?"

मी इतका वेळ जे विचारत होतो त्याने तो हलला नव्हता. या प्रश्नाने तो कोसळला. ओंजळीत तोंड घालून रडला. मग टोपीनेच डोळे पुसले आणि उठला. "चला बाई. दाखवतो."

उन्हं कलायच्या आत आम्ही त्यांच्या बांधीवर पोचलो. धान कापून झालं होतं, नुसती धसकटं उरली होती. लांबून मला वाटलं, कोणीतरी पाणी सोडलंय आणि ते चमकतंय. जवळ गेलो तेव्हा कळलं. रिळांवरची सगळी फीत त्याने उलगडून बांधीभर पसरली होती. धसकटांतून, बांधाच्या धुऱ्यावरून, बाभळीच्या काट्यांतून ती तपकिरी पट्टी गेलेली, वाऱ्यावर सळसळणारी. गुंडाळून ठेवलं म्हणून माय अडकली, असं त्याने ताडलं होतं. घाटावर मंत्र मिळाला नाही, तर ज्या बांधीत ती जन्मभर गायली तिथे नेऊन त्याने तिला सोडलं होतं. फीत उन्हाने वाकडी झाली होती, जनावरांच्या पायाखाली तुटली होती, दवाने मातीत लडबडली होती.

बाई धुऱ्यावर बसल्या. माझ्या शेजारी जमादार होते, ते करणीवाले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

तेव्हा धुऱ्याच्या टोकाला एक कावळा उतरला. फितीचा एक तुकडा चोचीत धरून ओढू लागला. काट्यात अडकला होता तो तुकडा, सुटेना. पुन्हा ओढला, आणि घेऊन उडाला.

"पाहा बाई," मुलगा म्हणाला.

बाईंनी पाहिलं. त्या वेळी त्यांच्या मनात काय आलं ते त्यांनी पुढे कधीच सांगितलं नाही. माझ्या मनात काय आलं ते सांगतो. एवढ्याशा जागेत दोन माणसं उभी होती. एकाची आई त्या क्षणी सुटली होती, आणि दुसरीच्या हातून ती कायमची गेली होती. दोघांपैकी कोणाच्या बाजूने बोलावं हे मला कळत नव्हतं, आणि मी तर फिर्यादीचा तपास करणारा माणूस.

"आता जे उरलं थे न्या," तो बाईंना म्हणाला. "माय गेली. आता हे नुसती पट्टी हाय." आणि तोच पहिला वाकला आणि गोळा करू लागला. मग बाई, मग जमादार, मग मी. अंधार पडायला लागेपर्यंत आम्ही चौघं त्या बांधीत वाकून फीत उचलत होतो.

जमवलेल्या फितीचा मी मुद्देमाल म्हणून पंचनामा केला, ती त्याने घरून आणून दिलेल्या पेटीत ठेवली, वर लाखेचं सील आणि माझ्या सहीची चिठ्ठी लावली, आणि कोर्टाच्या हुकमाने ती बाईंच्या ताब्यात दिली. बाईंनी त्याच्याविरुद्ध काही म्हणायचं नाही असा जबाब लिहून दिला. चोरीला लबाडीचा हेतू लागतो. तो इथे नव्हता. मी सी समरीचा अहवाल पाठवला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, फिर्याद खरी पण चोर मिळत नाही तेव्हा ए समरी, फिर्यादच खोटी असेल तेव्हा बी, आणि खरीही म्हणता येत नाही, खोटीही म्हणता येत नाही, गैरसमजातून झालं, तेव्हा सी. आमच्या कायद्यात एवढी तरी जागा आहे, याचं त्या दिवशी मला बरं वाटलं.

बाईंनी ती फीत धुतली, पुसली, तुकडे जोडले. पुढे एकदा रस्त्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "अगदी थोडंसं बोलतं. गाणं नाही राहिलं." मी ऐकवा म्हटलं नाही. त्यांनी नंतरही गावोगावी जाणं सोडलं नाही, पण अमर हा शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकला नाही. माझी बदली झाली. बाई वारल्याचं मला वर्तमानपत्रातून कळलं.

निवृत्तीनंतर मी नागपूरजवळ बेसाला घर बांधलं. मागच्या वर्षी तिथे एक गृहस्थ शोधत आले. जुने आवाज संगणकात उतरवून जपणाऱ्या एका संस्थेत ते काम करतात. बाईंचा सगळा संग्रह त्यांच्याकडे आला होता. एका पेटीवर फोटोखाली लाखेचं फुटकं सील होतं आणि माझ्या सहीची चिठ्ठी. "या आजी कोण?" त्यांनी विचारलं. घरच्यांची परवानगी असल्याशिवाय ते कुठलाच आवाज लोकांपुढे ठेवत नाहीत.

मी त्यांना काही तरी सांगून परत पाठवू शकलो असतो. पण दुसऱ्याच्या आईबद्दल मी कोण ठरवणार? त्यांच्याच गाडीतून आम्ही गावाला गेलो.

आजींचा मुलगा आता ऐंशीच्या पुढे गेलाय. बाजेवर बसला होता. आधी मला ओळखलं नाही, मग ओळखून म्हणाला, "साहेब, तुमचे केस कुठी गेले गा?" मी हसलो. येण्याचं कारण सांगितलं तेव्हा मात्र त्याचा चेहरा बदलला.

"त्यात माय नाही जी. सोडलं म्या तिले."

संस्थेच्या गृहस्थांनी समजावलं. फीत झिजते, तुटते. संगणकात आवाजाचे आकडे होतात, आणि आकडे झिजत नाहीत. एकाच वेळी अनेक ठिकाणी ठेवता येतात. कोणालाही, कुठूनही ऐकता येतील. त्या भल्या माणसाला आपण काय बोलतोय याची कल्पना नव्हती. अर्धी तिथं, अर्धी इथं एवढ्याने ज्याची झोप उडाली होती त्याला तो हे सांगत होता. मी त्यांच्या बाहीला हात लावून थांबवलं.

म्हाताऱ्याने हातातली काठी बाजेला टेकवून ठेवली.

"साहेब," तो म्हणाला, "मायचा चेहरा फोटोत हाय. आवाज नाही आठवत आता. रोज आठवून पाहतो. नाही येत." मग त्या गृहस्थांकडे न पाहताच म्हणाला, "लावा."

त्यांनी मोबाइल बाजेवर ठेवला. मीही ते पहिल्यांदाच ऐकत होतो. आधी नुसती खरखर. मग सारवलेल्या जमिनीवर पाय घासत मागे सरकल्याचा आवाज. एका गाण्याची अर्धी ओळ, तीही शब्द न कळणारी. मग धाप. आणि मग अगदी स्पष्ट, जणू छपरीतच उभी आहे, अशी ती म्हणाली, "थांब वं बाई. घसा सुकला. घोटभर पानी दे."

पुढे फीत तुटली होती. एवढंच उरलं होतं.

म्हातारा उठला. काठी न घेता, भिंत धरत आत गेला. आम्हाला भांड्याचा आवाज आला. तो पाण्याचा लोटा घेऊन बाहेर आला, दोन्ही हातांत धरून, आणि बाजेवर त्या मोबाइलपुढे ठेवला. मग खाली बसला.

"आमी लगन म्हनलं," तो म्हणाला. "वावर म्हनलं. जे सुचलं थे सगळं म्हनलं. पान्याचं कोनी नाही म्हनलं."

माझ्याने त्याच्याकडे पाहवेना. संस्थेचे गृहस्थ तर उठून फाटकापाशी गेले होते. बाईंनी तेव्हा पाणी दिलं असणारच, हे त्याला सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. त्यालाही ते कळत होतं.

निघताना त्याने त्या गृहस्थांना हाक मारली. "ठेवा तुमच्या मशीनीत. मायचं नाव लिहा, गावाचं लिहा. पन जो ऐकन त्याले सांगा, पानी ठेवून ऐक म्हना."

चोर शोधणं हे माझं काम होतं, आणि ते मी बऱ्यापैकी केलं. या प्रकरणात चोर तर मिळालाच, मालही मिळाला. तो माल कोणाचा, हे मात्र मला आजही ठरवता आलेलं नाही. बाईंनी तो जपला, लेकाने सोडला, कावळ्याने थोडा नेला, आणि आता तो सगळ्या जगासाठी खुला आहे. त्यांनी खरोखरच नाव आणि गावाखाली ती ओळ लिहिली आहे : 'ऐकण्यापूर्वी पाणी ठेवावे.' माझ्या सुनेने मला तो आवाज फोनवर लावायला शिकवलाय. मी पोलीस माणूस, कावळ्यावर माझा विश्वास नव्हता आणि नाही. पण स्वयंपाकघरात जाऊन पेला भरून आणल्याशिवाय मी तो कधी लावलेला नाही.